डबीवरचा तुझा फोटो

इंदू, गेल्या आठवड्यात तुझी शोकसभा झाली आणि मी तिथून भांडून उठून आले. बाईंना हे आवडलं नसतं, असं दोघं-तिघं मला दारात म्हणाले. त्यांना तू ठाऊकच नव्हतीस. तू असतीस तर माझ्या आधी उठली असतीस.

नांदेडच्या त्या हॉलमध्ये स्टेजवर तुझा मोठा फोटो लावला होता. निवृत्तीच्या दिवशीचा, हिरव्या इरकलीतला. त्याखाली लिहिलेलं, रानातल्या ऑर्किडमधून कर्करोगावर औषध शोधणाऱ्या थोर संशोधिका. मी ते वाचलं आणि वाटलं, चुकून दुसऱ्याच कुणाच्या सभेला आले. मग बसायला गेले तर खुर्चीवर एक डबी. प्रत्येक खुर्चीवर एक. ‘वन-आमरी कॅप्सूल’. आणि डबीवर तोच तुझा फोटो, रुपयाएवढा करून छापलेला. हळदीकुंकवाला वाण ठेवावं तशा त्या डब्या मांडून ठेवल्या होत्या.

बोलायला प्रशांत उठला. आपला विद्यार्थी. ज्याला तू स्वतःच्या खुर्चीत बसवून केमिस्ट्री शिकवलीस, ज्याच्या लग्नात तू आईच्या जागी उभी राहिलीस, तोच. आता त्याची औषधांची कंपनी आहे. तो म्हणाला, “बाईंनी जे शोधलं, ते आज आम्ही घराघरात पोचवून राहिलो. हीच बाईंना श्रद्धांजली.” लोकांनी टाळ्या वाजवल्या. शोकसभेत टाळ्या, इंदू.

मी उठले. माईकची वाट पाहिली नाही. म्हणाले, “बाईंनी औषध शोधलं नाही. हे औषध नाही, हे सांगण्यात बाईंचं आयुष्य गेलं. तुम्ही त्यांना मातीत ठेवून आठवडा झाला नाही आणि त्यांच्या तोंडून खोटं बोलवताय.” तेवढ्यात सूत्रसंचालक पुढं आले, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि फार मऊ आवाजात माईकवर म्हणाले, “मॅडमना दुःख अनावर झालंय. आपण समजू शकतो.” दोन बायकांनी मला धरून बाहेर नेलं, पाणी दिलं. दुःख होतंच गं. पण अनावर झाला होता तो राग, आणि तो अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत हे लिहून काढते.

लोक म्हणतात, गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं. तुझ्याबद्दल खरं बोललं तरी पुरे आहे.

ते आंब्याचं झाड आठवतं तुला? लातूर नुकतं उस्मानाबादपासून वेगळं होऊन नवा जिल्हा झालं होतं. जिकडे तिकडे पाट्या बदलत होत्या, रस्ते रुंद करायचं काम निघालं होतं, आणि त्यातच पावसानं पाठ फिरवलेली. तू केमिस्ट्रीत, मी बॉटनीत, दोघी नव्या. एका रविवारी एसटीनं निलंग्याला माझ्या घरी निघालो होतो आणि बस मध्येच थांबली, कारण रस्त्यावर एक अख्खं आंब्याचं झाड आडवं पाडलं होतं. सगळे प्रवासी उतरून सावली शोधत होते. मी मात्र त्या पडलेल्या फांदीकडे गेले, कारण तिच्यावर फुलं होती आणि ती आंब्याची नव्हती. पिवळट तपकिरी चौकटीच्या पाकळ्या आणि मधे जांभळी जीभ. खाली गवताचं पातं वाळून गेलेलं, आणि हे त्या पाडलेल्या झाडावर फुललेलं.

तू विचारलंस, “हे बांडगूळ का?”

मी म्हणाले, “न्हाई. बांडगूळ झाडाचं रक्त पितं. ही आमरी आहे, ऑर्किड. ही नुसती फांदीवर बसते. मुळं हवेत सोडते आणि दवावर जगते.”

लाकूडतोड्यांची मुकादमीण तिथंच बसली होती. ती म्हणाली, “बांदा म्हनतेत त्याला. गुडघे धरले की वाटून लावतेत. माझी सासू लावायची.”

“फरक पडायचा का?” तू विचारलंस.

“काय की. म्हातारी वरडायची कमी होत असंल.”

तू इतकी हसलीस. मग पदर खोचलास आणि पाडलेल्या फांद्यांवरून त्या आमऱ्या सोडवायला बसलीस. ड्रायव्हर हॉर्न वाजवतोय, प्रवासी बसून राहिलेत आणि तू म्हणतेस, थांबा हो, ह्या मरायला टेकल्या आहेत. माझ्या आईसाठी आणलेल्या पिशवीत आपण त्या कोंबल्या. पुढं जिथं जिथं झाडं पडली तिथं तिथं आपण गेलो. उभ्या झाडावरची एकही आमरी तू मला कधी काढू दिली नाहीस. नियम तुझा, आणि त्याच्यावर वाद घालायची सोय नव्हती.

त्यातल्या काही मी कॉलेजच्या आवारात कडुनिंबाला बांधल्या. बाकीच्या तू सावलीत वाळवल्यास, कुटल्यास आणि अर्क काढायला लावल्यास. इथं दुष्काळ आडवा आला. अर्क काढायच्या त्या काचेच्या यंत्रात वर एक नळी असते, तिच्याभोवती सतत गार पाणी खेळतं राहावं लागतं, नाहीतर आतला मिथेनॉल वाफ होऊन उडून जातो. आणि लातुरात तेव्हा नळाला आठवड्यातून एकदा पाणी. बायका घागरी घेऊन रस्त्यावर बसलेल्या. त्या दिवसांत प्रयोगशाळेत पाणी सोडायचं म्हणजे पाप.

तू एक बादली कपाटावर ठेवलीस, एक खाली. वरच्या बादलीतून रबरी नळीनं पाणी यंत्रातून खेळून खालच्या बादलीत उतरायचं आणि आपण आळीपाळीनं तांब्यानं ते परत वर चढवायचो. उन्हाळ्याची सुट्टी, पंखा बंद, अंगाला मिथेनॉलचा वास. एक दिवस प्राचार्य दारात येऊन उभे राहिले. म्हणाले, “गावाला प्यायला पाणी न्हाई आणि तुम्ही नळ्यांतून खेळवून राहिल्या?”

तू तांब्या खाली न ठेवता म्हणालीस, “सर, तेच पाणी आहे. सोमवारपासून तेच आहे.”

त्यांनी बादलीत वाकून पाहिलं. त्यात धूळ होती, एक मेलेली माशी होती. मग ते गेले. दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरून एक जुना माठ आला, पाणी गार राहावं म्हणून. माणसं अशीही होती, हे मला आज मुद्दाम आठवायचंय.

त्या सगळ्या मेहनतीतून काय निघालं, तर पिवळसर चिकट थर. चमच्याच्या टोकावर मावेल एवढा. तू तो वेगवेगळा करत गेलीस, आणि त्यातला एक भाग हैदराबादला पाठवलास. तिथं तुझ्या ओळखीच्या प्रयोगशाळेत तो काचेच्या बशीत वाढवलेल्या कर्करोगाच्या पेशींवर टाकला गेला. पेशींची वाढ मंदावली. तेवढंच त्यांनी कळवलं. त्या दिवशी तू मला उसाचा रस पाजलास आणि म्हणालीस, “यात कायतरी आहे. नक्की आहे. आता खरं काम सुरू.” तुझा चेहरा मला दिसतो अजून. तू साशंक बाई होतीस असं आता लोक म्हणतात. अजिबात नव्हतीस. तुझ्याइतका त्या झाडावर विश्वास कुणाचाच नव्हता. म्हणूनच तुला त्याच्याबद्दल खोटं सहन होत नव्हतं.

कुणाच्या तोंडून बाहेर गेलं ते आजवर कळलं नाही. पण थोड्याच दिवसांत स्थानिक पेपरात मोठा मथळा आला. नव्या जिल्ह्याची कीर्ती, लातूरच्या प्राध्यापिकेनं कॅन्सरवर औषध शोधलं. लोकांना दुष्काळात एक चांगली बातमी हवी होती, आणि ती तुझ्या नावानं मिळाली. तू तशीच चप्पल घालून पेपरच्या कचेरीत गेलीस. मी मागे. संपादक चहा मागवायला लागले, तर तू म्हणालीस, “चहा नको. बशीतल्या पेशीवर रॉकेल ओतलं तरी ती मरते. मग उद्या छापणार का, रॉकेल प्या म्हणून?”

ते म्हणाले, “बाई, लोकांना आशा वाटली तर काय वाईट आहे?”

“आशा वाटून माणूस दवाखान्यात गेला तर काही वाईट न्हाई,” तू म्हणालीस. “तो दवाखाना सोडून माझ्या दारात आला तर तुम्ही जबाबदार.”

खुलासा छापला त्यांनी. आतल्या पानावर, बैलबाजाराच्या जाहिरातीखाली. तो कुणी वाचला नाही. मथळा मात्र सगळ्यांनी वाचला. औसा रोडच्या आंब्यांवरून, बांधावरच्या मोहांवरून लोकांनी आमऱ्या ओरबाडून नेल्या. जी फांदी बघावी ती उघडी. कॉलेजच्या कडुनिंबावर मी बांधलेल्यासुद्धा एका सकाळी नव्हत्या. मी रडले होते. तू रडली नाहीस. तू फक्त विचारलंस, “किती माणसांनी खाल्लं असंल हे, शैला?”

आणि मग ती धर्माबादची जोडी आली. साईलू मार्केट यार्डात मिरचीची पोती उचलणारा, आणि त्याची बायको नरसव्वा. त्याच्या गालात गाठ होती, ती बाहेर दिसत होती. डॉक्टरनं ऑपरेशन सांगितलेलं. त्यांनी ते सोडलं आणि एसटी बदलत बदलत तुझ्याकडे आले. नरसव्वा प्रयोगशाळेच्या दाराशी बसूनच राहिली. तेलुगू-मराठी मिसळून एकच म्हणायची, “अम्मा, ते झाडावरचं द्या. आमी फुकट न्हाई मागत.”

मी तुला कोपऱ्यात घेतलं आणि म्हणाले, थोडं देऊन टाक, त्यांचं समाधान होईल. तू माझ्याकडे असं पाहिलंस की मी पुढचं वाक्य गिळलं. तू जाऊन नरसव्वाच्या शेजारी फरशीवर बसलीस. ती पिवळी बाटली तिच्या हातात दिलीस आणि म्हणालीस, “बघ. हे औषध न्हाई. हे अजून निसतं पिवळं पाणी हाय. याचं औषध व्हायला माझं आयुष्य जाईल, तरी हुईल का न्हाई मला ठाऊक न्हाई. तुझ्या नवऱ्याकडं तेवढा वेळ हाय का?”

तिनं बाटली तुला परत दिली. मग म्हणाली, “न्हाई, अम्मा.”

तू दुसऱ्या दिवशी रजा टाकून त्यांना घेऊन दवाखान्यात गेलीस, आणि ऑपरेशन होईपर्यंत नरसव्वाबरोबर बाकावर बसलीस. साईलूचा अर्धा जबडा गेला. पण तो जगला. त्यानं यार्डासमोर चहाची गाडी टाकली आणि कितीतरी वर्षं चालवली. तुझ्या थोर संशोधनानं वाचवलेला मी पाहिलेला माणूस हा एक. आणि तो वाचला, कारण तू त्याला औषध दिलं नाहीस. हे त्या दिवशी स्टेजवर कुणी सांगितलं असतं, तर मी पण टाळ्या वाजवल्या असत्या.

त्या मथळ्यानं तुझं पुढचं कामच बंद पाडलं. तू अनुदानाला अर्ज केलास. मुलाखतीला एक विद्वान गृहस्थ हसत म्हणाले, “मॅडम, पेपरात तर औषध सापडलंय. आता पैसे कशाला?” दुसऱ्यांनी विचारलं, तुम्ही वैदू आहात की केमिस्ट. तू बाहेर आलीस तेव्हा तुझे ओठ पांढरे पडले होते. उंदरांवर चाचणी नाही, मात्रा ठरवणं नाही, तो पदार्थ पाण्यात विरघळत नाही त्याचं काय करायचं ते नाही, सगळं तिथंच थांबलं. आणि पुढं बाहेरच्या देशांत लोक आमऱ्यांतल्या त्याच जातीच्या पदार्थांवर काम करायला लागले, तेव्हा तेच विद्वान भाषणांतून सांगायचे, हे आमच्याकडे केव्हाच झालं होतं. मला त्यांची नावं घ्यायची नाहीत. घेतली तर हा लेख त्यांचा होईल.

आता आपल्या दोघींचं भांडण. ते मिटलं नव्हतं, इंदू, आणि तू गेलीस म्हणून मी ते मिटवणार नाही.

माझी आई आमरीच्या पाल्याचं तेल गुडघ्याला लावायची. उठता न येणारी बाई अंगणात चालायला लागली. मी म्हणत होते, पोटात घ्यायचं नको, कॅन्सर नको, पण गुडघ्याच्या तेलावर तरी काम करू. लोक पिढ्यान् पिढ्या लावतात, अपाय तर नाही. तू उदगीरच्या बसस्टँडवर, माझ्या तोंडावर म्हणालीस, “तुझ्या आईला तू रोज अर्धा तास मालिश करून राहिलीस. त्यातले तेलाला किती मार्क द्यायचे आणि तुझ्या हाताला किती, ते सांग. मग आपण तेल काढू.”

मला राग आला होता. अजूनही येतो. तुझं बरोबर होतं, पण त्याच प्रश्नाचं उत्तर शोधता आलं असतं ना. अर्ध्या बायकांना साध्या तेलानं चोळलं असतं, अर्ध्यांना त्या तेलानं. तूच मला शिकवलेली पद्धत. तू म्हणालीस, आधी झाडं परत येऊ देत, एका चिमटीसाठी एक आंबा बोडका होतो. मी म्हणाले, मी बियांपासून वाढवते. आणि मी वाढवत होते, तुला ठाऊक आहे. आमरीचं बी म्हणजे धूळ. त्याला झाडाच्या सालीवरची बुरशी सोबतीला लागते, ती मिळाली नाही तर रुजत नाही. बाटल्यांमागून बाटल्या सडल्या. शेवटी रुजली तेव्हा त्याच्यावर मी शोधनिबंध लिहिला, आणि तू मला झाडांच्या जागा त्यात लिहू दिल्या नाहीस. जागा लिहिल्या तर लोक परत ओरबाडतील. जागा नाहीत म्हणून निबंध परत आला. माझी बढती अडकली. तू म्हणालीस, झाडं वाचली. मी म्हणाले, माझ्या वतीनं तू ठरवलंस. त्यानंतर आपण बोलत राहिलो, सणावाराला येत-जात राहिलो, पण त्या वाक्याच्या पलीकडे कधी गेलो नाही. तू एकदा तरी “तुझं नुकसान झालं, शैला” म्हणायला हवं होतंस. मी ऐकून ‘असू दे’ म्हणणार होते. माझं उत्तर तयार होतं.

तुला अंडाशयाचा कर्करोग झाला, तेव्हा तू नांदेडला मन्मथकडे राहायला गेलीस. भाऊ असावा तर तुझ्या मन्मथसारखा. विष्णुपुरीकडच्या त्या घरात त्यानं तुझी खोली अशी लावली होती, की खिडकीतून झाड दिसावं. दवाखान्यात मी तुझ्यासोबत बसायचे. केमोच्या पहिल्या सलाईनच्या दिवशी तू नर्सला बाटलीवरचं नाव वाचायला लावलंस आणि माझा हात दाबलास. “शैला, हे झाडातून आलंय. थंडीकडच्या एका झाडाच्या सालीतून. साल काढली की झाड मरायचं, मग त्यांनी पानांपासून करायची वाट काढली.” नर्स बघत राहिली. तुझे डोळे भरले होते. मला वाटलं, दुखतंय. तू म्हणालीस, “बघ, होतं गं. कुणीतरी शेवटपर्यंत काम नेलं, कुणीतरी त्यांना नेऊ दिलं, म्हणून ही बाटली इथं टांगली हाय.”

मी तुझ्याइतकी मोठ्या मनाची नाही. मला त्या बाटलीकडे बघून फक्त हेच वाटत होतं, की तुला कुणी नेऊ दिलं नाही.

मग एक दिवस मन्मथ घाईघाईनं आला, शर्टाच्या खिशातून डबी काढली आणि म्हणाला, “अक्का, हे बघ. तुझंच झाड. प्रशांतनं पाठवलंय. लोकांना लई गुण येऊन राहिला म्हणे.” तेव्हा डबीवर तुझा फोटो नव्हता. तुझ्या जिवात जीव होता ना.

तू उठून बसलीस. एक कॅप्सूल बशीत उघडलीस, बोटानं चोळलीस, वास घेतलास. मला म्हणालीस, कॉलेजात नेऊन बघ. मी लातूरला नेली, आपल्या जुन्या पद्धतीनं, मिश्रणातले पदार्थ वेगळे होऊन त्यांचे डाग उमटतात त्या काचेच्या पट्टीवर चढवली, शेजारी खऱ्या आमरीचा अर्क. जिथं डाग यायला हवा होता तिथं काहीच नव्हतं. हळदीचा पिवळा पट्टा तेवढा लख्ख. आमरीचा मागमूस नाही.

तुला येऊन सांगितलं. मला वाटलं तू चिडशील, प्रशांतला बोलावून घेशील. तू उशीला टेकलीस आणि हसलीस. “बरं झालं,” म्हणालीस, “निदान झाडं तरी वाचली.”

हसण्यावर नेण्यासारखं होतं का ते, इंदू? मी तेव्हाच म्हणाले, तक्रार करू. तू म्हणालीस, पोरगा आहे, मी बरी झाले की बोलते त्याच्याशी. तू बरी झाली नाहीस. लिंगायत रीतीनं हातात इष्टलिंग देऊन तुला मातीत बसवलं आणि प्रशांतनं तुझा फोटो उचलला.

शोकसभेनंतर मी मन्मथच्या घरी थांबले होते. सकाळी तो चहा घेऊन समोर बसला. मग म्हणाला, “ताई, काल तुम्ही बोलल्या ते खरं हाय का रागातलं हाय?”

मी म्हणाले, “खरं आहे. मी स्वतः तपासलंय. अक्काला ठाऊक होतं.”

तो म्हणाला, “अक्का मला बोलली न्हाई.”

“तुझं मन दुखू नये म्हणून.”

त्यानं कप खाली ठेवला. “ताई, मी ती डबी काशिनाथला बी दिली.”

काशिनाथ म्हणजे त्याचा मेहुणा, निलंग्यात मोटारपंपाच्या सामानाचं दुकान आहे त्याचं. आतड्याचं ऑपरेशन झालेलं, सलाईनची औषधं चालू होती. ती अर्ध्यात सोडून तो कॅप्सूल घेत होता. आणि मन्मथला हे ठाऊक होतं, आणि तो खूश होता.

आम्ही तशीच एसटी धरली. दुकानात काशिनाथ गल्ल्यावर बसला होता, वाळलेला, पण तरतरीत. आम्हाला बघून उठला, खुर्च्या दिल्या. मी सगळं सांगितलं. तुझ्यासारखं जमलं नाही मला. तू बाटली हातात देऊन सांगितलं होतंस, माझ्या हातात काहीच नव्हतं. मी फार बोलले, मोठमोठ्यानं बोलले. त्यानं ऐकून घेतलं आणि शांतपणे मागच्या फळीवरून डबी काढून माझ्यासमोर ठेवली. नवी डबी.

“ह्याच्यावर बाईंचा फोटो हाय, मॅडम. बाई खोटं बोलतेल का?”

“बाई नाही बोलल्या. फोटो कुणीतरी लावलाय.”

“मग इतकी वर्षं पेपरात, सभेत, समदे म्हनतेत ते?”

मी उत्तर द्यायच्या आधी मन्मथ उठला. त्यानं ती डबी उचलली आणि रडत रडत म्हणाला, “काशिनाथ, माझ्या अक्कानं हे तोंडात बी घातलं न्हाई. ती सलाईनच घेत गेली, शेवटपर्यंत. मीच येडा, तुला दिलं. आता चल.”

काशिनाथनं मुलाला हाक मारून दुकान सांभाळायला सांगितलं.

लातूरच्या दवाखान्यात डॉक्टर त्याच्यावर रागावले, मग आमच्यावर रागावले. रागावू दे. मधला वेळ गेला तो गेला, आता काय होईल ते सांगता येत नाही म्हणाले. पण उपचार पुन्हा सुरू केले. मन्मथनं आणि मी औषध प्रशासनाकडे तक्रार दिली आहे, काचेच्या पट्टीसकट. प्रशांतचा फोन आला होता. म्हणाला, “मॅडम, बाईंनी आयुष्य घालवलं आणि त्यांचं नाव झालं न्हाई. मी नाव करून राहिलो तर तुम्ही मोडता घालून राहिल्या.” मी म्हणाले, “तिचं नाव आहे. ते परत दे.” त्यानं फोन ठेवला. तक्रारीचं काय होईल, मला फार आशा नाही. पण मी पाठपुरावा करणार आहे, आणि मी किती चिवट आहे हे त्याला ठाऊक नाही, तुला आहे.

पहिल्या दिवशी सलाईन चालू असताना मी काशिनाथजवळ बसले होते. मन्मथ खाली औषधं आणायला गेला होता. काशिनाथ छताकडे बघत पडला होता. म्हणाला, “मॅडम, एक इचारू का? मग बाईंनी शोधलं काय?”

इतक्या वर्षांत हा प्रश्न मला कुणी साधा, सरळ विचारलाच नव्हता. मी म्हणाले, “त्या झाडात काहीतरी आहे, हे बाईंनी शोधलं. ते माणसाच्या उपयोगी पडेल की नाही, हे अजून कुणालाच ठाऊक नाही. शोधायचं राहिलंय.”

त्यानं मान माझ्याकडे वळवली.

“एवढं तर खरं हाय ना?”

“हाव,” मी म्हणाले. “एवढं खरं हाय.”